उशी बाजूला ठेवा, दिवा बदला

ताई, नमस्कार.

उन्हाळा संपत आलाय आणि त्याच्याबरोबर मीही. रात्री एक वाजेपर्यंत झोप येत नाही, सकाळी अंग शिशाचं झालेलं असतं. गेल्या तीन महिन्यांत तब्येतीसाठी काय काय घेतलं त्याची यादीच देते: इलेक्ट्रोलाइटच्या पुड्या, मॅग्नेशियमच्या गोळ्या, गारवा देणारी जेलची उशी, निळा प्रकाश अडवणारा चष्मा, झोपेला गुण देणारं घड्याळ आणि सनस्क्रीनच्या दोन बाटल्या. घड्याळ मला रोज शंभरपैकी चाळीस-पंचेचाळीस देतं. पाणी मात्र नेमाने आठ ग्लास पिते. पुस्तकांचं काय सांगू? सुट्टीत वाचायची म्हणून अकरा काढली, अकराही सुरू केली, पूर्ण एकही नाही. रात्री टॅबवर वाचायला बसते आणि तीच ओळ चारदा वाचते. डोळ्यांना चाळिशी नुकतीच लागली, आता मेंदूलाही लागली का? लोक उन्हाळ्यातल्या आवडत्या पुस्तकांच्या याद्या टाकतात, त्या बघून आणखीच अपराधी वाटतं. यातलं काय ठेवू, काय काढून टाकू? आणि या दिवसांत वाचावं असं एक पुस्तक सांगा. एकच सांगा.

– अकराव्या पुस्तकाच्या नवव्या पानावर

अहो नवव्या पानावरच्या बाई,

आधी मेंदूचं बोलू, कारण खरी धास्ती तुम्हाला त्याचीच बसलेली दिसते. २०१६ च्या उन्हाळ्यात बॉस्टनमध्ये ४४ विद्यार्थ्यांची एक पाहणी झाली. काही जण एसी असलेल्या वसतिगृहात राहत होते, काही एसी नसलेल्या. मध्येच उष्णतेची लाट आली. बारा दिवस ही मुलं रोज सकाळी उठल्या उठल्या फोनवर दोन छोट्या चाचण्या देत होती: शब्द कोणत्या रंगात छापलाय ते सांगायचं आणि बेरजा-वजाबाक्या करायच्या. एसी नसलेल्या खोल्यांतल्या मुलांना उत्तर द्यायला साधारण तेरा टक्के जास्त वेळ लागला. विशीच्या आतबाहेरची, धडधाकट मुलं होती ती. त्यातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट वेगळीच आहे. दोन गटांतला फरक सर्वांत ठळक दिसला तो लाट ओसरल्यावर, बाहेर गार झालं तरी खोल्या तापलेल्याच होत्या तेव्हा.

तुमचं नेमकं तेच चाललंय. भिंती आणि छत दिवसभर ऊन पितात आणि रात्रभर ते खोलीत ओकत बसतात. बाहेर वारा सुटलेला असतो आणि आपण मात्र आत भट्टीच्या तोंडाशी पडलेले.

आता थोडं उलटं वाटेल असं सांगते. उन्हाळ्याच्या शेवटी आपलं शरीर उन्हाला सुरुवातीपेक्षा जास्त सरावलेलं असतं. रोज ऊन सोसायला लागलं की आठवड्या-दोन आठवड्यांत घाम लवकर सुटायला लागतो, त्यातून मीठही कमी जातं, हृदयाची धावपळ उतरते. म्हणजे उकाड्याशी जमवून घ्यायचं काम तुमच्या शरीराने केव्हाच उरकलंय. मग हा थकवा कुठला? माझ्या मते तो झोपेच्या थकबाकीचा आहे. रोजचा एक-दीड तास बुडाला, असे तीन महिने गेले. तुम्ही विकत घेतलेल्या सहा वस्तूंपैकी पाच या थकबाकीच्या वाटेलाही जात नाहीत, आणि सहावी, ते घड्याळ, नुसती वसुलीची नोटीस पाठवत राहते.

तर पहिलं तेच काढा. मनगटावरचं घड्याळ एकूण किती वेळ झोपलात हे बरं सांगतं, पण गाढ झोप किती, स्वप्नांची किती, यात त्याचा अंदाज बराच चुकतो. आणि गुण बघून ज्यांची झोप आणखी उडते त्यांच्यासाठी २०१७ मध्ये संशोधकांनी एक शब्दच काढला, ऑर्थोसोम्निया. झोपेत नापास व्हायच्या भीतीने जागं राहायचं! पंधरा दिवस घड्याळ टेबलाच्या खणात ठेवा. सकाळी कसं वाटतंय हे सांगायला तुमचे तुम्ही पुरेसे आहात.

चष्म्याचं लवकर आटपते. २०२३ मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेने १७ चाचण्या एकत्र करून पाहिल्या. अशा काचांमुळे डोळ्यांचा शीण निदान थोड्या दिवसांच्या वापरात तरी कमी होतो असं त्यात काही दिसलं नाही. पडद्याकडे बघताना आपण पापण्या कमी वेळा मिटतो, डोळे कोरडे पडतात, जळजळतात. त्यावर उपाय पापण्या मिटणं आणि अधूनमधून लांब कुठेतरी बघणं. चाळिशीचा खरा नंबर मात्र नीट तपासून घ्या. तीच ओळ चारदा वाचण्यामागे निम्मं कारण तेही असू शकतं.

पुड्या ठेवा, पण औषधाच्या डब्यात. जागतिक आरोग्य संघटनेच्या मिश्रणात एक लिटर पाण्यासाठी २.६ ग्रॅम मीठ, १३.५ ग्रॅम ग्लुकोज आणि थोडे पोटॅशियमचे व सायट्रेटचे क्षार असतात. हे प्रमाण जुलाबात गेलेलं पाणी भरून काढायला बांधलेलं आहे. भर उन्हात तासन्‌तास राबून घामाने निथळलात तर अशा क्षारांचा उपयोग होईल. खुर्चीत बसून काम करणाऱ्या बाईला रोज त्याची गरज नाही, आणि रक्तदाब असेल तर रोजचं जादा मीठ नकोच. पुडी कधीही फोडलीत तरी तिच्यावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात पूर्ण कालवायची. कमी पाण्यात घट्ट करून प्यायली की जास्त लागू पडते हा समज घातक आहे.

आठ ग्लासांची गंमतच आहे. त्याचं मूळ बहुतेक १९४५ च्या एका अमेरिकन शिफारशीत सापडतं. दिवसाला अडीच लिटर पाणी लागतं, असं तिथे म्हटलं होतं, आणि लगेच पुढे, यातलं बरंचसं अन्नातूनच मिळतं. हे पुढचं वाक्य वाटेत गळून पडलं. तहान लागली की प्या, लघवीचा रंग फिका आहे का बघा, उन्हात काम असेल तर तहानेच्या थोडं आधीच प्या. ग्लास मोजायचं काम आजपासून बंद.

मॅग्नेशियमबद्दल मी जरा सावध आहे. शरीरात मुळातच ते कमी असेल तर गोळी कामाची. पण सगळ्यांनाच त्याने झोप लागते असं म्हणायला पुरावा तोकडा आहे. जास्त झालं की पोट सुटतं, आणि ते साहजिकच, कारण बद्धकोष्ठावरच्या पांढऱ्या दुधाळ औषधात हेच मॅग्नेशियम असतं. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नका.

उशी डोक्याची उष्णता ओढून घेते खरी, पण थोड्याच वेळात ती डोक्याइतकीच तापते आणि मग इतर उशांसारखी उशी होते. घेतलीच आहे तर वापरा. रागावण्यासारखं त्यात काही नाही.

सनस्क्रीनसाठी मात्र मी भांडेन. ते ठेवा. आणि मोठ्या आकड्याच्या मागे लागू नका. एसपीएफ ३० त्वचा भाजणाऱ्या किरणांपैकी ९७ टक्क्यांच्या आसपास अडवतं, ५० वालं ९८. फरक पडतो तो किती फासता यावर. हा आकडा काढताना चौरस सेंटिमीटरला दोन मिलिग्रॅम इतका जाड थर देतात, आपण त्याच्या निम्माही देत नाही. वर दर दोन तासांनी पुन्हा लावायचं असतं. म्हणजे मनापासून लावलं तर बाटली उन्हाळाअखेर संपलेलीच असायला हवी. तुमच्या दोन्ही अजून शिल्लक आहेत, यावरून काय ते समजा. आणि त्यातली एखादी गाडीत राहिली असेल तर आधी उघडून बघा. पाणी आणि चोथा वेगळा झाला असेल, वास बदलला असेल, तर सरळ टाकून द्या.

हे मी अनुभवावरून बोलतेय. दोन उन्हाळ्यांपूर्वी मी एक बाटली आणि एक जाडजूड कादंबरी गाडीच्या पुढच्या काचेखाली विसरले. चार दिवसांनी बाटलीतून आधी पिवळसर पाणी आलं, मग गोळे. कादंबरी वरून अगदी शहाण्यासारखी दिसत होती. मध्यावर उघडली तर पाठीकडे टर्र असा बारीक आवाज झाला आणि एकशे चाळीस ते दोनशे पानांचा गठ्ठा माझ्या मांडीवर आला. हल्लीच्या बऱ्याच पुस्तकांची पाठ शिवलेली नसते, वितळवलेल्या डिंकात पानं बसवलेली असतात. तो डिंक पुन्हा तापला की पकड सोडतो. ती कादंबरी मी सुट्या पानांचीच वाचली, पत्ते पिसल्यासारखी. वाचून झालेलं पान खाली, पुढचं वर. सांगायला लाज वाटते, पण त्या उन्हाळ्यात मी पूर्ण केलेलं ते एकमेव पुस्तक. मांडीवर एका वेळी आठ-दहाच पानं असायची, साडेचारशेचा डोंगर दिसायचाच नाही.

आता झोपेकडे येऊ. यातल्या कशालाच दुकानात जावं लागत नाही म्हणून त्याची कुणी जाहिरात करत नाही.

झोप लागायच्या आधी शरीराचं आतलं तापमान हळूहळू उतरावं लागतं. ही उष्णता बाहेर पडते ती मुख्यत: तळहात-तळपायांतून. म्हणून झोपण्याआधी तास-दोन तास कोमट पाण्याने आंघोळ करा. गार पाण्याने नको. उकाड्यात कोमट पाणी म्हणजे वेड लागल्यासारखं वाटतं, ठाऊक आहे. पण कोमट पाण्याने हातापायांकडचं रक्त वाढतं आणि बाहेर आल्यावर आतली उष्णता तिथून भराभर निघून जाते. बर्फासारख्या पाण्याने त्वचेच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि उष्णता आतच अडकते. २०१९ मध्ये अशा अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा निघाला. पाणी साधारण ४० अंश, वेळ झोपेआधी एक ते दोन तास, आणि दहा मिनिटंही पुरतात. झोप सरासरी दहाएक मिनिटं लवकर लागली. दहा मिनिटं म्हणजे काही मोठी नव्हेत, पण तुमच्या सहा वस्तूंनी मिळून तेवढंही केलेलं नाही.

पंख्याखाली झोपताना हात, मान, पावलं ओल्या फडक्याने पुसून घ्या. पाणी वाळताना त्वचेतली उष्णता घेऊन जातं, घामाचं कामही तेच. हवा दमट असेल तर हे कमी चालतं. खोलीचं तापमान चाळिशीच्या वर असेल तर पंखा उलट तापलेली हवाच अंगावर मारतो. तेव्हा दुसरी गार जागा शोधायची, पंख्यावर विसंबायचं नाही. खिडक्यांचं साधं गणित: बाहेर आतल्यापेक्षा गार झालं की सताड उघडायच्या, सकाळी ऊन चढायच्या आत बंद करून पडदे ओढायचे. बहुतेक घरांत नेमकं याच्या उलट चालतं.

एक गोष्ट मात्र गंभीरपणे. उन्हातून आल्यावर कुणी असंबद्ध बोलायला लागलं, अंग चटका बसावा इतकं तापलं, तर तो थकवा नव्हे, उष्माघात आहे. आधी रुग्णवाहिका बोलवा आणि ती येईपर्यंत अंगावर पाणी मारत राहा. आणि तुमचा थकवा हवा पालटल्यावर महिन्याभरातही हटला नाही, किंवा तुम्ही जोरात घोरता असं घरचे म्हणत असतील, तर डॉक्टरांना दाखवा आणि रक्ताच्या तपासण्याही करून घ्या. हिमोग्लोबिन आणि थायरॉइड दोन्ही.

टॅबचं मुद्दाम मागे ठेवलं होतं. प्रकाश देणाऱ्या पडद्यावरचं वाचन आणि छापील पुस्तक यांची तुलना करणारा एक प्रयोग २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. फक्त बारा माणसं, पण त्यांना दोन आठवडे प्रयोगशाळेतच ठेवलं होतं. पडद्यावर वाचणाऱ्या रात्री झोप लागायला सुमारे दहा मिनिटं जास्त लागली आणि झोपेची चाहूल देणारं मेलाटोनिन निम्म्याहून जास्त दबलं. माणसं थोडी होती, पडदा पूर्ण उजेडावर होता आणि वाचन रोज चार तासांचं, हेही लक्षात ठेवा. तुमच्या घरी परिणाम कदाचित एवढा होणार नाही. पण तुम्ही एक वाजेपर्यंत जाग्या असता, तेव्हा करून बघायला काय हरकत? कागदाचं पुस्तक, आणि खांद्यामागे एक पिवळसर, मंद दिवा. छताचा पांढरा दिवा बंद. पैसे खर्च करायचेच असतील तर या दिव्यावर करा.

आणि मग वाचायचं काय?

त्या याद्यांचा माझा राग हा आहे की त्यात पुस्तक सांगतात, पण ते किती वाजता वाचायचं हे कुणी सांगत नाही. उन्हाळ्यात पुस्तक वेळेला जुळलं पाहिजे. दिवसातली सर्वांत गार वेळ मध्यरात्रीची नसते, सूर्य उगवतो त्याच्या आसपासची असते. तुमच्या अकरांत जे सर्वांत जड असेल, ज्याला पेन्सिल घेऊन बसावं लागतं, ते तेव्हा. वीसच मिनिटं. फोन दुसऱ्या खोलीत.

रात्री मात्र आधी वाचलेलंच वाचायचं. पुन्हा वाचण्याला आपण उगाच कमी लेखतो. शेवट ठाऊक असला की पुढे काय होतं म्हणून कुणी जागत नाही, आणि डोळा कुठल्याही ओळीवर लागला तरी काही हुकत नाही. रहस्यकथा रात्री वर्ज्य. मी स्वत: या नियमाची चोर आहे, पण तो मोडल्याचं दुसऱ्या दिवशी दुपारी अंगावर येतं.

दुपारी, डोकं चालत नाही त्या वेळी, थंडीचं वाचावं. ध्रुवावरच्या मोहिमांच्या हकिकती ऐन उन्हात मी इतक्यांदा वाचल्यात की बर्फाच्या जाती मला तोंडपाठ आहेत. त्यातही अर्नेस्ट शॅकलटन या ब्रिटिश दर्यावर्दीची. त्याचं एन्ड्युरन्स हे जहाज १९१५ च्या जानेवारीत अंटार्क्टिकाजवळच्या समुद्रातल्या बर्फात अडकलं, ऑक्टोबरअखेर सोडून द्यावं लागलं आणि नोव्हेंबरात चिरडून बुडालं. चालत निघताना प्रत्येकाला खासगी सामान फक्त दोन पौंड न्यायची मुभा होती, एक किलोहूनही कमी. शॅकलटनने सोन्याची नाणी बर्फावर टाकली, मोठ्या बायबलातली मोजकी पानं फाडून घेतली आणि बाकीचं तिथेच ठेवलं. आणि मग हसी नावाच्या सोबत्याला त्याचा बारा पौंडांचा बँजो मात्र घ्यायला लावला. मनाला औषध लागतं म्हणून! पुढे शॅकलटन पाच जणांना घेऊन होडीने मदत आणायला गेला आणि उरलेले बावीस जण एलिफंट बेटावर उलट्या होड्यांखाली साडेचार महिने सुटकेची वाट बघत राहिले. त्यांच्यातल्या एकाजवळ पाककृतींचं एक स्वस्तातलं पुस्तक होतं. रोज रात्री त्यातली एक कृती वाचायची आणि तिच्यात काय कमी-जास्त असावं यावर वाद घालायचे. ३० ऑगस्ट १९१६ ला जहाज आलं. जहाजावरचे अठ्ठावीसच्या अठ्ठावीस वाचले.

तुमच्या अकरा पुस्तकांना हेच दोन पौंड लावा. सगळी जमिनीवर मांडा, एकेक उघडा. कुठे थांबला होता त्याच्या आधीच्या पानावर काय झालं हे आठवत नसेल, तर ते कपाटात परत, आणि मनाला लावून घ्यायचं नाही. पुस्तक पळून जात नाही. माझा अंदाज, तीनेक उरतील. त्यातलं एक पहाटेचं, एक दुपारचं. रात्रीसाठी तुमच्या जुन्या कपाटातलं, कोपरे दुमडलेलं काहीतरी काढा.

कपाटाकडे गेलाच आहात तर तेवढ्यात पुस्तकांच्या मागच्या बाजूलाही नाक लावून बघा. हवेतला ओलावा बराच काळ ६५ टक्क्यांच्या वर राहिला की बुरशी धरते. कुबट वास आला तर पुस्तकं भिंतीपासून दोन बोटं पुढे ओढा आणि दारं थोडा वेळ उघडी ठेवा. उन्हात मात्र वाळत घालू नका, कागद पिवळा पडतो. आणि पाठीचा डिंक, तो तर मी सांगितलाच.

तुम्ही एकच पुस्तक मागितलंत. देते. ऋतुसंहार, कालिदासाच्या नावावरचं. सहा सर्ग, एकेका ऋतूला एकेक, सगळे मिळून दीडशेच्या आसपास श्लोक. संस्कृत येत नसेल तर अनुवाद घ्या, पण घाईने वाचू नका. मला ते या दिवसांसाठी आवडतं कारण ते वसंतापासून सुरू होत नाही. ग्रीष्मापासून सुरू होतं आणि वसंतावर संपतं. रात्री जुनंच वाचायचं या नियमाला हा एकच अपवाद: आंघोळीनंतर, त्या पिवळ्या दिव्याखाली, एका वेळी दोन-तीन श्लोक. पहिला सर्ग जेमतेम तीस श्लोकांचा, म्हणजे पंधरवड्याची बेगमी. उन्हाने होरपळलेला साप फुत्कारत, तोंड खाली घालून मोराच्या सावलीत येऊन बसतो आणि मोर त्याला काही करत नाही, इथपर्यंत आलात की थांबू नका. पुढे आणखी काही श्लोकांनी त्या तहानलेल्या सापाच्या फण्याची छत्री करून कोण बसलंय ते मी सांगणार नाही. सापडलं की दोन ओळी लिहून कळवा.

– ताई